धक्क्यावरचे दोन पडदे

खाडीवर पूल व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. होडीवाल्या जैतुनबीने धक्क्यावर सूचना दाखवायला दोन स्क्रीन आणून शेजारी शेजारी टांगले. त्यातला एकच ठेवायचा होता.

"मला ठेव, जैतुनबी," चकचकीत स्क्रीन म्हणाला. "माझे रंग तरी बघ!"

दुकानाच्या सावलीत तोच तिच्या मनात भरला होता. दुसरा, बिनचकाकीचा, एवढंच म्हणाला, "उन्हात बघ आणि मग ठरव."

भर दुपारी होडी घेऊन परतताना तिचं धक्क्याकडे लक्ष गेलं. धक्क्याची फळी निखळून लोंबत होती आणि होडी बघून माणसं तिकडेच निघाली होती. वाऱ्यात तिची हाक विरून गेली. तिने मोबाइलवरून दोन्ही स्क्रीनवर लिहिलं, "थांबा! फळी निखळलीय!"

चकचकीत स्क्रीनसमोर लोक थबकले, केस सारखे केले आणि पुढे निघाले. सर्वांत पुढच्या बाईने फळीकडे पाऊल टाकलं. तेवढ्यात दुसऱ्या स्क्रीनवरची अक्षरं वाचून एक म्हातारा ओरडला आणि त्याने तिला दंडाला धरून मागे खेचलं. फळी धाडकन पाण्यात कोसळली.

जैतुनबी चकचकीत स्क्रीन उतरवू लागली तेव्हा तो कळवळला, "अगं, सगळे माझ्याकडेच तर बघत होते!"

"बघत होते रे," ती म्हणाली, "पण त्यांना आपापली तोंडंच दिसत होती."