पालेवाडीचा विस्तव

सोनवट नदीच्या पात्रात, हिरडशेत आणि पालेवाडी या दोन गावांच्या बरोबर मधोमध, बसलेल्या म्हशीएवढा एक खडक आहे. त्याच्या माथ्यावर ओंजळभर खळगा आहे आणि त्या खळग्याचा तळ बाकीच्या दगडाहून काळा आहे. पावसाळ्यात पुराचं पाणी त्याला घासून जातं, उन्हाळ्यात बायका त्यावर धुणं वाळत घालतात, पण तो डाग काही जात नाही. एकदा एक शिकलेले गृहस्थ तो पाहून म्हणाले की दगडात लोखंडाचा अंश असणार. हिरडशेतच्या चिमाजी गवारींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल. लोखंडही असेल."

चिमाजीबाबा ऐंशीच्या पुढचे. वरच्या गडावर जाणारे लोक त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबतात आणि बहुतेक जण एकच विचारतात, गड कुणी घेतला आणि कुणी राखला. एका श्रावणात मात्र कॉलेजच्या मुलामुलींचा एक जथा आला, त्यांचे प्रश्न निराळे होते. फौज आली की लोक जेवायचे कसे? काडेपेटी नव्हती, तर रोज चूल कशी पेटायची? आणि अशा धामधुमीत एखादी बाई बाळंत झाली तर?

बाबा हसले. "हे कुणी विचारत नाही, पोरांनो. तलवारीचं वजन विचारतात. पण तलवारीनं भाकर भाजत नाही. बसा, सांगतो."

ते जे सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. हिरडशेत तेव्हा बारा घरांचं होतं. त्यातल्या एका घरात ठकू नावाची बाई राहायची. तिचा नवरा बुधाजी आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक कोंडी, एवढीच घरात माणसं. त्या काळी चूल दर दिवशी नव्यानं पेटवत नसत. रात्री शेवटचे निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी राख बाजूला सारून फुंकर घालायची. ज्या घरचे निखारे मेले, त्या घरची बाई खापराचा तुकडा घेऊन शेजारणीकडे जायची. विस्तव मागायला कुणालाच लाज वाटत नसे. गारगोटी आणि पोलाद पाटलाच्या घरी होतं, पण ते सणासुदीला पूजेत ठेवायचं. एरवी कुणी त्याला हात लावत नसे.

नदीपलीकडच्या पालेवाडीशी मात्र हिरडशेतचं वैर होतं. नदीच्या वळणावर एक कुरण आहे. ते कुणाचं, यावरून आदल्या कार्तिकात दोन्ही गावांच्या गोफणी सुटल्या. बुधाजीचा नेम चांगला होता. त्याच्या गोफणीचा दगड पालेवाडीच्या सोमाच्या कानशिलावर बसला आणि तिसऱ्या दिवशी सोमा गेला. तेव्हापासून दोन गावांत विस्तव जात नव्हता. लग्न नाही, बैल नाही, बोलणं नाही.

आषाढ संपता संपता घाटातून फौज उतरत असल्याची बातमी आली.

"कुणाची फौज?" एका मुलीनं विचारलं.

"कुणाची का असेना," बाबा म्हणाले. "तिच्या घोड्यांना गवत लागतं आणि माणसांना धान्य. आमच्या लोकांना फौजेची ओळख तेवढीच."

गाव कड्याखालच्या कपारीत जाऊन लपलं. धान्य, घोंगड्या, म्हातारी माणसं, शेळ्या, सगळं वर नेलं. पाटलानं बजावलं की कपारीत कुणी जाळ करायचा नाही, धूर वर गेला की जागा कळेल. पाच दिवस लोकांनी नाचणीचं पीठ पाण्यात कालवून खाल्लं. तिथंच, त्या ओल्या दगडावर, दुसऱ्या दिवशी कोंडी बाळंत झाली. मुलगी झाली. ठकूनं आपलं लुगडं अर्धं फाडून तिला गुंडाळलं.

पाचव्या दिवशी फौज खिंडीकडे सरकली आणि लोक खाली आले. घरं उभी होती, पण छपरं नव्हती. शाकारलेलं सगळं गवत उपसून घोड्यांना घातलेलं होतं. पाऊस सरळ चुलीत पडत होता. राख वाहून गेली होती, सरपण फुगलं होतं, गोवऱ्यांचा लगदा झाला होता. पुरुषांनी केंबळाच्या गवताच्या पेंढ्या आणून निदान एकेक कोपरा झाकला. मग बायका भाकरीच्या मागे लागल्या.

पाटलीणबाई ठकूच्या दारात आली. "ठकू, जरा विस्तव दे गं."

"अगं बाई, मी तुमच्याकडंच निघाले होते."

"म्हणजे? मला वाटलं, तू मडक्यात घालून नेला असशील वर. बाळंतीण तुझ्या घरात!"

"आणि मला वाटलं, तुम्ही. पाटलाचं घर तुमचं!"

दोघी तिसरीकडे गेल्या, तिसरीला घेऊन चौथीकडे. गावाचा विस्तव आपण सोडून कुणीतरी सांभाळला असणार, अशी प्रत्येकीची खात्री होती. बारा घरांच्या बारा बायका भरपावसात रिकामी खापरं घेऊन एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आधी त्या हसल्या म्हणे. मग एक एक करून गप्प झाल्या.

पाटलानं पूजेतली गारगोटी काढली. ठिणग्या उडाल्या, पण शेवरीचा कापूस भिजलेला होता, ठिणगी कशात धरायची? हात सोलेपर्यंत त्यानं खटपट केली.

मोठ्या माणसांनी आणखी दोन दिवस कच्चं पीठ खाल्लं असतं. पण ठकूच्या घरात बाजेवर जी होती, ती तीन दिवसांची होती. तिचे ओठ निळे पडले होते. सकाळपासून तिनं दूध ओढलं नव्हतं. शेकाला शेगडी नाही, धुरीला ओवा आहे पण जाळ नाही. कोंडी तिला छातीशी धरून नुसती ठकूकडे बघत होती. बोलण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

दुसरं जवळचं गाव खिंडीपलीकडे, आणि खिंडीत फौज. नदीपलीकडे मात्र छपरांतून धूर निघताना दिसत होता. पुरामुळे फौज त्या काठाला गेलीच नव्हती.

ठकूनं पानांचं इरलं डोक्यावर घेतलं. बुधाजीनं तिची वाट अडवली. "तिकडं जाऊ नको. त्यांच्यापुढं जायला आपल्याला तोंड आहे का?"

"तोंड नाही," ठकू म्हणाली. "खापर आहे." आणि ती निघाली.

नदीत खडकांची एक रांग आहे, नदी ओलांडायचा तोच उतार. पूर ओसरून पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. ठकू खडक धरत धरत पलीकडे गेली. पालेवाडीच्या बायकांनी तिला लांबूनच ओळखलं.

"आल्या बाई! का गं, तुमच्या गोफणींतून ठिणग्या नाही पडत?"

"कुरण मागून झालं, आता चूल मागायला आल्या."

ठकू पुढं चालत राहिली. पहिल्या घरची बाई म्हणाली, "आमची विझली," आणि तिच्या डोक्यावरच्या छपरातून धूर निघत होता. दुसरीनं ताटी लावून घेतली. तिसऱ्या घरातून कुणी बाहेरच आलं नाही. असं करत करत ठकू शेवटच्या दाराशी पोचली. तिथं जी बाई उभी होती, तिचं कपाळ मोकळं होतं. ती राही होती, सोमाची बायको. ठकूला वाटलं, न बोलता मागं फिरावं. पण मागं फिरून जायचं कुणाकडे?

तिनं खापर पुढं केलं.

राहीनं त्या खापराकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "कुणासाठी?"

"लेकीची लेक आहे. तीन दिवसांची. गार पडत चाललीय."

राही आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जळती गोवरी होती. तिनं खापरात आधी राख पसरली, त्यावर गोवरी ठेवली, वर पुन्हा राख टाकली. हे सगळं तिनं हलक्या हातानं केलं, पण बोलली ते मऊ नव्हतं.

"तुझ्या घरधन्याचं आणि माझं जे आहे ते आहे. ते मी सोडलेलं नाही, सोडायचीही नाही. त्या पोरीशी माझं काही वैर नाही. ने."

खापर इरल्याखाली छातीशी धरून ठकू नदीत उतरली.

तेवढ्या वेळात पाणी चढलं होतं. अर्ध्यावर, त्या मोठ्या खडकापाशी, वाऱ्यानं तिचं इरलं उलटं केलं. पाऊस खापरात पडला आणि राखेतून सूं असा आवाज आला. ठकू खडकावर चढली, तिथल्या खळग्यात खापर टेकवून त्याच्यावर ओणवी झाली. आपल्या पाठीचं छप्पर करून ती फुंकर घालत राहिली. पुढं जाता येईना, कारण उठली की पाऊस आत येणार. तिथं बसूनही भागेना, कारण गोवरी संपत चालली होती. दोन्ही काठांवर माणसं जमली होती. एकीकडे बुधाजी, एकीकडे सोमाचे भाऊ. कुणी हाक मारली नाही, कुणी हललं नाही. ठकूला वाटलं, राहीनं दिलेलं आपण सांभाळूही शकलो नाही.

तेवढ्यात तिच्यावरचा पाऊस थांबला. तिनं मान वर केली. दुसरं एक इरलं तिच्या डोक्यावर आलं होतं आणि त्याखाली राही होती, कमरेपर्यंत भिजलेली.

"फुंक, थांबू नको," राही म्हणाली. "मी धरते."

खापरातला अर्धा विस्तव खळग्यात सांडला होता. राहीनं तो बोटांनी उचलून परत आत ठेवला. दोघी डोक्याला डोकं लावून फुंकर घालत राहिल्या, आळीपाळीनं, एकीचा दम संपला की दुसरी. सोमाचा धाकटा भाऊ काठावरून ओरडला, "वहिनी, माघारी फिर!" राहीनं मागं पाहिलं नाही. राखेखाली लाल कड दिसू लागली, तशी ती म्हणाली, "तू खापर धर, मी इरलं धरते. एकटीचं काम नाही हे."

अशा त्या दोघी हिरडशेतच्या काठाला लागल्या. राही ठकूच्या घराच्या उंबऱ्याशी आली. दारात बुधाजी होता. तो बाजूला सरला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

शेगडीत विस्तव घातला, पण तो धरेल असं काही घरात नव्हतं. काटक्या नुसत्याच धुमसल्या. ठकू घरभर कोरडी वस्तू शोधू लागली. तेव्हा बुधाजीनं घोंगडीखाली हात घातला आणि कमरेला गुंडाळलेली गोफण सोडली. अंबाडीच्या वाखाची ती गोफण तेवढी एकच वस्तू पाच दिवसांत भिजली नव्हती. त्यानं तिचा पीळ उकलला, धागे मोकळे केले आणि राहीच्या पुढ्यात ठेवले. राहीनं त्यांच्याकडे पाहिलं. ती कुठली गोफण आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं ते धागे उचलले, निखाऱ्यावर ठेवले आणि स्वतःच फुंकर घातली.

जाळ झाला. शेगडी बाजेखाली सरकवली. ओव्याचा वास घरभर पसरला. कोंडीनं पोरीला पायांवर घेतलं, ठकूनं हात शेकून तिच्या पाठीवरून, तळव्यांवरून फिरवले. कितीतरी वेळानं पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. बारीक, रागीट रडली. ठकू राहीच्या पाया पडायला वाकली, तर राहीनं तिला दंडाला धरून उभं केलं.

"उपकार म्हणू नको," ती म्हणाली. "मला सोडायला चल. पाणी वाढलंय." ठकू तिला इरलं धरून नदीपार सोडून आली.

चिमाजीबाबा इथं थांबतात. त्या दिवशी एका मुलानं विचारलंच, "मग कुरणाचं भांडण मिटलं?"

"कुठलं मिटतंय? माझ्या आज्यानं केलं, बापानं कोर्टात नेलं. परवा ग्रामसभेत मीही आवाज चढवला. भांडण आहे. पण गोफण नाही. हिरडशेतात पाखरं हाकायला आजही डबा वाजवतात, गोफण कुणी वळत नाही. आणि विस्तव जातो."

आजही श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी हिरडशेतात एकही चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आहे, तरी त्या सकाळी कुणी बटण फिरवत नाही. प्रत्येक घरची बाई खापर घेऊन नदीपलीकडे जाते आणि पालेवाडीच्या दारात उभी राहते. ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरी आधी. देणारीनं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. फक्त "कुणासाठी?" असं विचारायचं, आणि मागणारीनं घरातल्या सगळ्यात लहान जिवाचं नाव सांगायचं. मागं पूल झाला, तरी येताना मागणारी आणि देणारी अशा दोघी दोघींनीच येतात, एकीच्या हाती खापर, दुसरीच्या हाती छत्री. दरवर्षी मागायचं कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. हिरडशेतच्या बायका म्हणतात, मागितलं नाही तर विसरायला होतं.

आणि पालेवाडीत त्या दिवशी स्वयंपाक झालेला असतो, पानं वाढलेली असतात, पण कुणी घास उचलत नाही. माणसं अंगणात येऊन नदीपलीकडे बघत उभी राहतात. आणलेल्या विस्तवावर जुन्या चुली पेटतात आणि हिरडशेतच्या छपरांतून धूर वर येऊ लागतो. घरी राहिलेल्या बाया तो मोजतात, एक, दोन, तीन. शेवटच्या घराचा धूर दिसला, की मग म्हणतात, "चला, जेवून घ्या."