दगड न ठेवलेली फळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आजीला ठाऊक नव्हतं आणि तिच्या आजीनंही नुसता हात हलवला असता. मोरवेळच्या किनाऱ्यावर तेव्हा धक्का नव्हता, दिवा नव्हता, माडसुद्धा आत्तापेक्षा कमी होते असं म्हणतात. समुद्र मात्र होता, आणि रेघ होती.

रेघ म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गप्प बसावं, बाकीच्यांनी ऐकावं. भरती वाळूवर जिथवर चढायचं तिथवर चढते आणि ओसरताना आपलं ओझं तिथंच टाकून जाते. शेवाळ, काटक्या, शिंपले, तुटकी जाळी, नासके नारळ, मेलेले खेकडे, कुणाच्या तरी पायातली एखादी वहाण. कुणी खराट्यानं लोटून ठेवावं तसं सगळं एका ओळीत पडलेलं असतं. तिलाच मोरवेळचे लोक रेघ म्हणतात. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवल्या की गाव या रेघेवरच जगायचं. लाकूड चुलीला, शिंपले चुन्याच्या भट्टीला, समुद्रफेस वैद्याला. ज्याला जे सापडेल त्यावर त्यानं दगड ठेवायचा. दगड ठेवला की वस्तू त्याची, मग दुसरा कोणी तिकडे बघतसुद्धा नसे.

पण आपल्याच गावच्या होडीचं काही रेघेवर आलं, वल्हं म्हणा, फळी म्हणा, तर त्याला कोणी हात लावायचा नाही. ज्या घरची होडी, त्या घरच्या वडीलधाऱ्यानं यायचं आणि वर दगड ठेवायचा. म्हणजे काय, तर समुद्रानं माणूस नेला आणि घरानं ते मानलं. मग घरी बाईची काकणं फुटायची, दहावं-तेरावं व्हायचं. आणि एकदा दगड पडला की तो माणूस पुढं जिवंत जरी दारात आला, तरी दार उघडत नसत. भूत म्हणून हाकलत. असा कायदा, बाबांनो.

या गावात धाकू तांडेलाची सून राहायची, आनसू. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि धाकू तर त्यांतला नावाजलेला. आनसू खाडीपलीकडची, धाकूच्या धाकट्या सोमाशी लग्न करून आली, ती पायाला भिंगरी बांधूनच. भाकरी थापतानासुद्धा या पायावरून त्या पायावर. ओहोटी लागली की निघाली रेघेवर. काय आलं, काय राहिलं, सगळं उचलायची, वास घ्यायची, कानाला लावायची. उताणं पडलेलं कासव, धडपडणारा मासा, तारामासा दिसला की पदरात घालून पाण्यात सोडून यायची. बायका हसायच्या.

"समुद्राचा अंगण झाडतंस काय गो, आनसू?"

"झाडतंय. येतास तर येवा, माका एक खराटो जास्तीचो आसा," ती चालता चालताच म्हणायची.

शेवाळाचा रंग बघून ती वारा कुठून येणार ते सांगायची आणि वारा तिथूनच यायचा, असं म्हणतात. मला विचाराल तर कधीमधी चुकतही असेल. चुकलेलं कोण लक्षात ठेवतो!

तर एका वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात पडल्या आणि सोमा दोन गड्यांना घेऊन गेला. दुपार कलायच्या आत आभाळ फाटलं. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. सोमाची आली नाही.

मग आनसूचं जे झालं ते काय सांगावं! डोळ्याला डोळा लागेना, घास घशाखाली उतरेना. वादळ निवलं तरी ती निवेना. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, वळायची, परत जायची. वाळूवर तिच्या पावलांची दुसरी रेघ पडली, आणि भरतीलासुद्धा ती पुसवेना, असं म्हणतात. लोक म्हणायचे, जरा टेक गो बाय, जरा पाणी पी. ती ऐकायची कुठली? उभ्या उभ्या घोट घ्यायची आणि निघायची.

आणि मग एका सकाळी फळी आली. होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, तांबड्या रंगाची. तो रंग धाकूच्याच होडीला होता, दुसऱ्या कुणाच्या नाही.

ज्यांनी आधी पाहिली ते दूर सरून उभे राहिले. कुणीतरी धाकूला हाक मारायला पळालं. आनसू धावत आली आणि फळीपाशी थबकली. जगातली प्रत्येक वस्तू उचलून बघणारी बाई, पण तिनंही हात पाठीमागं बांधून घेतले. कायदा तो कायदा.

धाकू आला तो दगड घेऊनच आला. म्हातारा निर्दय नव्हता हो. त्याचा थोरला मुलगा जानू असाच गेला होता, आणि जानूची फळी यायला इतके दिवस लागले होते, की वाट बघून बघून जानूच्या आईचं डोकं फिरलं आणि त्यातच ती गेली. धाकूला तेच पुन्हा बघायचं नव्हतं. एकदाचा दगड ठेवावा, एकदाचं रडून घ्यावं, एवढंच त्याला कळत होतं.

तो वाकणार, एवढ्यात आनसू त्या फळीवर बसली. मांडी घालून बसली! सगळा गाव आ वासून बघत राहिला. हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, बसायचं नाही असं कुठं कुणी म्हटलं होतं?

"दगड ठेवूचो आसात तर माझ्यार ठेवा, मामांनू," ती म्हणाली.

"ऊठ गो," धाकूचा आवाज फाटला. "जानूची वाट मी बघलंय. तुका ती बघूक लावचंय नाय."

ती उठेना. बायका समजूत घालायला लागल्या, पुरुष खेकसायला लागले, कुणी म्हणालं हिला उचलूनच बाजूला करा. आनसू बसली खरी, पण जन्मात कधी निवांत बसली नव्हती ती आता काय बसणार? तिचा जीव खालीवर होत होता आणि तीही इकडून तिकडं चुळबुळत होती. आणि ती इकडं झुकली की फळी इकडं झुकायची, तिकडं झुकली की तिकडं.

सपाट वाळूवर फळी डुगडुगते कशी?

आनसूच्या ते ध्यानात आलं आणि ती ताडकन उठली. कायदा गेला खड्ड्यात! दोन्ही हात खाली घातले आणि फळी उलटी केली. खालच्या अंगाला सोमाच्या मुंडाशाची चिंधी, चिंधीत गाठोडं, आणि गाठोड्यात कालवांच्या शिंपा. कालव खडकाला घट्ट चिकटून असतं, तुम्ही खाल्लंच असेल. या शिंपा अख्ख्या होत्या, कडेशी सुरीची खूण होती, आणि आतलं मांस स्वच्छ खरवडून काढलेलं होतं.

"समुद्र कालवां फोडता, सोलणा नाय," आनसू ओरडली. "कोणीतरी बसान खाल्ल्यानी ही!"

आणि एवढी मोठी कालवं एकाच ठिकाणची. दूर पाण्यात वेताळाचं खडप, म्हणजे खडकांचा पुंजका आहे ना, तिथली. पण खडपाभोवती लाटा अशा फुटायच्या की तिकडं होडी घालायचं नाव कोणी काढत नसे. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आनसू म्हणाली, फळी तिथून इथवर आली ती वाटेनंच आली असणार. वाट असल्याशिवाय काय उडत आली?

धाकूनं हातातला दगड वाळूत टाकला आणि किनाऱ्यावरची दुसरी एक होडी पाण्यात लोटली.

नाळेवर आनसू उभी राहिली, सुकाणूवर म्हातारा. आणि मग असं म्हणतात, की किनाऱ्यावरची रेघ उठून पाण्यावर गेली. शेवाळ, काटक्या, फेस, सगळं ओळीनं तरंगायला लागलं, थेट खडपापर्यंत, आणि त्या ओळीवर लाट म्हणून फुटेना. कुणी म्हणतं आनसू मधेच होडीतून उतरली आणि त्या रेघेवरून चालत पुढं गेली, कारण होडी तिला फार सावकाश वाटत होती. मी काही म्हणत नाही. पण तिचा स्वभाव बघता मला ते पटतं.

खडपावर तिघेही जिवंत होते. पोटं पाठीला लागलेली, ओठ मिठानं फुटलेले, पण जिवंत. सोमानं बायकोला बघितलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"फुटल्या होडयेची एक एक फळी सोडी होतंय," तो म्हणाला. "माका ठावक होता, दुसरा कोण नाय तरी तू उलटी करशीत."

होडी परतली तेव्हा किनाऱ्यावर काय आनंद झाला ते तुम्हीच समजून घ्या. ढोल वाजले, नारळ फुटले. पण धाकू तांडेल घरी गेला नाही. तो वर केवड्याच्या बनाकडं गेला. तिथं उधाणानं वर टाकलेली जानूची फळी होती, त्यानंच ठेवलेल्या दगडाखाली, एवढी वर्षं. त्यानं दगड ढकलला आणि फळी उलटी करायला गेला, तर तिचा हातात भुगा झाला. खाली वाळू होती. त्यानं ती वाळू कोपरापर्यंत हात घालून उकरली. आनसू मागोमाग आली होती. तिनं अडवलं नाही, तीही शेजारी बसून उकरू लागली.

"आता कळाचा नाय," म्हातारा म्हणाला. आणि मोठ्यानं रडला.

त्यानंतर मोरवेळमध्ये दगड ठेवणं बंद झालं. आनसू पुढं म्हातारी झाली, मेली, काही म्हणतात मेली नाही, एका ओहोटीला चालत गेली ती वळलीच नाही. ते राहू दे. आजही त्या गावात होडीला उशीर झाला, की आनसूचं नाव घेऊन अख्खं गाव रेघेवर उतरतं. हातात फोन असतात, टॉवरवाल्यांना विचारून झालेलं असतं, तरी उतरतात. म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या, सगळे. हाताला लागेल ते उलटं करून बघतात. फळी, वहाण, थर्माकोलचा तुकडा, प्लास्टिकची बाटली, काहीही. बहुतेक वेळा खाली नुसती ओली वाळू असते. मग ते घरी जातात, आणि पुढची ओहोटी लागली की पुन्हा येतात.