व्हॉल्व्हआजोबांची चुळबुळ

यंत्रांचे भाग आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. एका टाकीत पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होत. दोघांमध्ये एक पातळ पडदा होता. हायड्रोजनच्या बाहेर जायच्या वाटेवर व्हॉल्व्हआजोबा बसत; उघडून-मिटून पडद्याच्या दोन्हीकडचा दाब सारखा ठेवणं हे त्यांचं काम.

दाब कितीही असो, दोन्हीकडून सारखा असला की पडदा मजेत असे. हे कसं, याचं आजोबांना भारी कुतूहल होतं. पण आपल्याला तो नेमका सारखा ठेवता येईल असा भरवसा नव्हता, म्हणून ते सारखे थोडे उघडत, थोडे मिटत.

हायड्रोजन हसला, "आजोबा, एकदा काय ते ठरवा की!"

आजोबा शरमले आणि घट्ट मिटून बसले. हायड्रोजन साठत गेला, पडदा ऑक्सिजनकडे फुगला.

पडदा ओरडला, "आजोबा, मी फाटतोय! हे दोघे एकत्र आले तर भडका उडेल!"

आजोबा घाईनं उघडले. पडदा सरळ झाला.

"आता बरं वाटतंय?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"हो. पण थोड्या वेळानं पुन्हा विचारा."