निम्म्यावर थांबवलेली कहाणी

एकदा एका नदीने ऐन पुरात आपली वाट बदलली आणि काठावरचे एक गाव पोटात घेतले. बहुतेक माणसे वाचली, गुरेही बरीचशी वाचली. घरे, देऊळ आणि काळीभोर शेते मात्र गेली. लोक वरच्या माळावर पाले ठोकून राहू लागले. तो माळ असा, की कुदळ मारावी तिथे दगड!

पाणी ओसरले तसा प्रत्येकाला एकेक नातेवाईक आठवू लागला. कोणी मामाकडे निघाला, कोणी सासुरवाडीला. सर्वांत आधी गाडी काढली ती सारजाबाईने. पुरात तिचा नवरा गेला होता. घरातून तिने वाचवले होते ते फक्त बियाण्याच्या ज्वारीचे मडके. गाव आता फुटणार हे उघड होते, आणि एकदा फुटलेले गाव पुन्हा जमत नाही.

त्या गावचा एक तरुण एका वृद्ध आचार्यांचा शिष्य होता. तो धावत त्यांच्याकडे गेला. "गुरुदेव, चला. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. त्यांना थांबायला सांगा."

आचार्य माळावर आले. लोक जमले. थांबण्याविषयी अवाक्षरही न काढता ते म्हणाले, "निघण्याआधी एक कहाणी ऐका."

सारजाबाई उसळली. "बाबा, घर वाहून गेलं, धनी गेला. आता कहाण्या कसल्या ऐकवताय आम्हाला?"

"ऐकून जा. आणि तुझ्या मडक्यातली चिमूट चिमूट ज्वारी सगळ्यांच्या हातावर ठेव."

त्या भागात तशी रीतच होती. कहाणी ऐकणाऱ्याने मुठीत दाणे धरायचे आणि ती पुरी झाली की देवापुढे वाहायचे. मध्येच ते खाली ठेवायचे नाहीत, तोंडात तर नाहीच नाही. कुरकुरत का होईना, सारजाबाईने दाणे वाटले.

आचार्य सांगू लागले, "तुमचं बुडालेलं गाव वसलं त्याच्या आधीची ही गोष्ट. तिथे नुसती बाभळीची रानं होती. दुष्काळाने हुसकलेली एक बाई कडेवर पोर आणि पदरात बियाणं घेऊन त्या रानात आली. पहिल्या वर्षी पेरलं ते पाखरांनी खाल्लं. बाई रानाच्या कडेला बसून खूप रडली. दुसऱ्या वर्षी ती उठली, आणि..."

एवढे बोलून आचार्य उठले आणि काठी टेकत चालू लागले.

"बाबा, पुढं?" लोक ओरडले.

"पुढचं आज नाही."

शिष्य संतापला, तरी गुरूंच्या मागोमाग निघाला. इकडे माळावर सगळा गाव मुठी आवळून उभा. सारजाबाई एका हाताने बैल जुंपायला गेली. जू उचलेना, बैल हलेना. तिची ती तारांबळ बघून कोणीतरी हसले, आणि पुरानंतर पहिल्यांदाच तीही हसली. मग मुठीकडे पाहत म्हणाली, "म्हाताऱ्यानं चांगलंच अडकवलं की! खाता येईना, टाकता येईना. आता हे दाणे ठेवायचे तरी कुठं?"

मग वाकून तिने एक दगड बाजूला केला, दुसरा केला. खाली माती निघाली, ओली आणि काळी. "पेरलं म्हणजे काही खाली ठेवलं नाही," म्हणत तिने दाणे मातीत सोडले. शेजारच्यानेही आपल्या पायाजवळचा दगड उचलला. दुसऱ्या दिवशी गाड्या रिकाम्या झाल्या, कारण दगड वाहायला गाड्या हव्या होत्या. मडक्यातले उरलेले बियाणेही पेरले गेले.

सुगीला आचार्यांना गावाचा सांगावा आला. वाटेत शिष्याने विचारले, "गुरुदेव, कहाणीचा शेवट तुम्हाला ठाऊक नव्हता का?"

"होता की. पण तो सांगितला असता, तर त्यांनी दाणे वाहिले असते, हात जोडले असते आणि गाड्या हाकल्या असत्या. सर्वस्व गेलं की माणसाला वाटतं, आपली गोष्ट संपली. उपदेशाने ते वाटणं जात नाही. आपल्याआधी कोणीतरी असंच रडलं आणि मग उठलं, एवढं त्याच्या कानी पडावं लागतं. पुढचं त्याचं त्यालाच करू द्यावं."

माळावर ज्वारीची कणसे वाऱ्यावर डोलत होती. लोक नव्या पिकाचे दाणे मुठीत धरून बसले होते. "बाबा, आता तरी पुरी करा," ते म्हणाले. आचार्यांनी सारजाबाईकडे बोट दाखवले.

ती आधी लाजली, मग सांगू लागली. "दुसऱ्या वर्षी ती बाई उठली. तिनं दगड वेचले. हात सोलून निघाले, पण वेचले. रात्री तिला धन्याची आठवण यायची, सकाळी ती पुन्हा वेचायची. मग कोंब आले, तेव्हा मी त्यांच्यापाशी बसून खूप रडले, आणि मी म्हटलं, आता मी कुठं जात नाही!"

"अगं सारजे, 'ती बाई' म्हण, 'मी' काय?" एक म्हातारी ओरडली.

"मीच ती!" सारजाबाई म्हणाली.

सारा माळ एका आवाजात गरजला आणि मुठी उघडल्या. शिष्याने डोळे पुसले. त्याच्याही हातात दाणे होते. ते वाहायला तो सर्वांच्या मागोमाग उठला.