बुलबुलबाईंचा पहारा

मांजरांना अजून थोडीफार लाज होती, त्या काळातली ही गोष्ट. एका गॅलरीतल्या जास्वंदीत बुलबुलबाई आणि त्यांचं पिल्लू राहायचं. आपण अळी आणायला गेलो आणि मागे मांजर आलं तर, या काळजीनं बाईंचा रात्रभर डोळा लागत नसे.

घरच्यांनी गॅलरीत कॅमेरा लावला, तेव्हा त्या लगेच त्याच्यापुढे जाऊन बसल्या.

"दादा, माझ्या पिल्लाकडेही लक्ष ठेवाल?"

"आधी वायफायचा पासवर्ड सांगा."

तो त्यांना पाठच होता. घरातल्या आजी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो मोठ्यानं सांगत.

"आता संवेदनशीलता किती ठेवू? कमी, मध्यम की जास्त?"

याचा अर्थ बाईंना कळला नाही. पण 'कमी' म्हणणारी आई कशी दिसेल?

"जास्त," त्या म्हणाल्या.

"बरं. काही हललं की शिट्टी वाजवीन."

त्या बागेत पोचतात तोच शिट्टी वाजली. चोचीतली अळी टाकून त्या परतल्या, तर दोरीवरचा टॉवेल हलला होता. पुन्हा गेल्या, पुन्हा शिट्टी. आता जास्वंदीचं पान. पुढे तर त्यांच्याच येण्यानं शिट्टी वाजू लागली आणि मांजर आलं की आपणच आलो, हे त्यांना कळेनासं झालं.

दिवस मावळल्यावर त्या दमून पिल्लाजवळ टेकल्या.

"बघ राजा, आज मांजर फिरकलंसुद्धा नाही."

"हो," पिल्लू म्हणालं. "अळीसुद्धा नाही आली."