हापशातली आसरा

डोंगराच्या कुशीत, मोहाच्या झाडांखाली एक इवलासा पाडा होता. तिथे बुधी नावाची चिमुकली पोर आईसोबत राहायची. घर कुडाचं, पोट अर्धं, पण माया मात्र ओंजळ भरून. दगडाला, झाडाला, शेळीच्या करडाला, सगळ्यांना ती खुशाली विचारायची. पाण्याच्या हापशालाही! "हापसादादा, दमलास का रे?" पोरं फिदीफिदी हसायची.

त्या उन्हाळ्यात हापसा आटला. आई म्हणाली, "बुधे, आता पाडा सोडायचा. वीटभट्टीवर जायचं."

म्हातारी माणसं आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या पऱ्यांच्या, जुन्या दगडांना शेंदूर फासत बसली. तिथला झरा तर कधीच नव्या रस्त्याखाली गाडला गेला होता. तिथून कोण ओ देणार?

बुधी हापशापाशी गेली. "तुलाच तहान लागली असेल," म्हणत तिने तांब्यातलं उरलंसुरलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं.

आणि काय सांगू! लखलख, झगमग करत बोटभर परी बाहेर आली. मोरपंखी पंख, पायांत दवाचे पैंजण!

"तू कोण गं?"

"झऱ्यातली आसरा. घर गेलं, म्हणून इथे राहायला आले. इथे मला हाक मारलीस ती तूच. माग, काय हवं?"

"पाणी दे. म्हणजे पाडा सोडायला नको."

"देते. पण पहिला हंडा माणसांचा नाही. तो मातीचा, मुळांचा, पाखरांचा. त्यातला घोटभर जरी कुणी प्यायला, तरी मी चालले."

खळखळ पाणी आलं! बुधीने हापशाखाली हंडा लावला. हंडा भरतो न भरतो, तोच पाड्यातला सगळ्यात म्हातारा रावजीआजा धावला. "सर पोरी! मी वडीलधारा. पहिला हंडा माझा."

बुधीचाही घसा कोरडा पडला होता. तरी ती हंड्याला मिठी मारून उभी राहिली. "नाही, आज्या!"

"मोठ्यांना उलटं बोलतेस?"

"देवाआधी नवं धान्य खाऊ नये, असं तूच सांगतोस ना? मग नवं पाणी कसं पितोस?"

आजा हळूच हंड्याला हात लावत म्हणाला, "चल, तुला एकटीला जड जाईल."

दोघांनी मोहाच्या मुळांशी पाणी ओतलं. चिमण्या, बुलबुल, मुंग्या, करडं, सगळी पाहुणी आली. मग पाडा पोटभर प्यायला.

परीने बुधीच्या गालाचा ओला पापा घेतला. सोनेरी उजेड फुलला, नाचला आणि पाण्यात विरघळून गेला.

घरी आईने वीटभट्टीसाठी बांधलेलं बोचकं सोडलं, तवा बाहेर काढला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.