कूस बदलण्यात संशोधन कसलं?

नर्सिंगच्या संशोधनाला नकार देण्यात रुग्णालयाच्या संशोधन समितीचे अध्यक्ष डॉ. कारखानीस मोठे पटाईत. वनमाला सिस्टरांचा विषय वाचून ते हसलेच.

"अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलायची, यात संशोधन कसलं? नामंजूर!"

"बरं सर. पण सही करण्याआधी, मी पुरे म्हणेपर्यंत जरा न हलता बसून दाखवता?"

"त्यात काय!" डॉक्टर ताठ बसले. सिस्टर काही पुरे म्हणेनात. हळूहळू कंबर भरून आली, पायाला मुंग्या आल्या. शेवटी न राहवून डॉक्टर एका अंगावर कललेच.

"तुम्ही हललात, सर. माझ्या पेशंटला हलता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीला जखमा होतात."

डॉक्टर विचारात पडले. "मग कूस नेमकी किती वेळाने बदलायची?"

सिस्टरांनी पेन पुढे केलं. "तेच शोधायचंय, सर."